विवराचा भोवताल

खडकाळ ग्रहावरील आघातविवर म्हणजे नुसता खळगा नव्हे. उल्का आदळताच उसळून काठावर उलथलेले आणि दूरवर पसरलेले खडकही त्या विवराचाच भाग असतात, आणि आघाताच्या बळाविषयी व दिशेविषयी बरेचसे ज्ञान या भोवतालातूनच मिळते. चंद्रावर वारा व पाणी नसल्याने असा भोवताल अब्जावधी वर्षे टिकतो, आणि म्हणूनच तिथे पृष्ठभाग जितका जुना तितकी विवरे अधिक, असा हिशेब मांडता येतो. पृथ्वीवर तो लागू पडत नाही. नागपूर जिल्ह्यात कन्हानकाठी वसलेल्या खापा परिसरातील मँगनीजधारी खडक कॅम्ब्रियनपूर्व, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुने आहेत; एवढ्या काळात त्या भूमीवर एकही मोठा आघात झाला नसेल असे मानणे अवघड आहे, तरी आज तिथे विवर दिसत नाही, कारण नद्यांची झीज आणि गाळ यांनी जुना पृष्ठभाग शिल्लकच ठेवलेला नाही.

या पार्श्वभूमीवर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे मोल कळते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणात, कोरले गेले आहे. चंद्रावरील काळसर मैदाने आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच असल्याने तेथील विवरे समजून घेण्यासाठी अभ्यासक लोणारकडे वळतात. ते ज्वालामुखीचे मुख असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र येथे मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबाने न वितळताच काचेसारखे झालेले फेल्डस्पार खनिज, आढळल्याचे मांडले गेले आणि आघाताचा पक्ष बळकट झाला. वयाचा प्रश्न अजून वादाचा आहे: तप्तदीप्ती पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ मधील आर्गॉन-मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे वय निघते, आणि हे दोन्ही आकडे आघातात वितळलेल्या द्रव्याच्या तुकड्यांवरूनच काढलेले आहेत.

विवराच्या पोटातील खारे, अल्कधर्मी सरोवर २०२० साली रामसर पाणथळ ठरले, हे योग्यच झाले. परंतु कड्याबाहेर सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत पसरलेला प्रक्षिप्त खडकांचा थर शेते, रस्ते आणि लोणारची वस्ती यांखाली येतो, आणि एकदा खणून हलवलेल्या थराचा मूळ क्रम पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून लोणारच्या संरक्षणाची सीमा पाण्याच्या किंवा कड्याच्या रेषेवर न आखता या थराच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावी, आणि तेथील शेतकऱ्यांना व रहिवाशांना विश्वासात घेऊनच ती आखावी.