पाय कुणाचा?

रेवदंड्याला आमच्या घरापासून टपरी अडीचशे पावलांवर आहे. दोन वर्षांपासून आजोबा वाटेत थांबायला लागले. कुणी विचारलं की म्हणायचे, बोंबील कसे वाळलेत ते बघतोय. पोटरीत गोळा येतो आणि जरा उभं राहिलं की जातो, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. जर्मन भाषेत या आजाराचं एक नाव 'दुकानांच्या काचा बघण्याचा आजार' असं आहे. माणूस दुखणं लपवायला शोकेससमोर थांबतो म्हणून. आमच्याकडे शोकेस नाहीत, बोंबील आहेत.

निदान झालं: पायाच्या धमन्या अरुंद. कारण विडी.

विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००पटींहून जास्त घट्ट धरतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचमध्ये कुणी सीट अडवून बसावं आणि रेवस आलं तरी उतरू नये, तसं. फेऱ्या चालू, पण खऱ्या प्रवाशाला जागा नाही. चिंचोळ्या धमनीतून पोटरीला मुळात रक्त कमी पोचतं, आणि जे पोचतं त्यातही ऑक्सिजन कमी. तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके भराभर मारावे लागतात. 'विडी साधी, सिगारेट वाईट' वगैरे आपण उगाच म्हणतो. ओढणं थांबलं की हा वायू एक-दोन दिवसांत रक्तातून जातो. धमनी मात्र पहिल्यासारखी होत नाही.

घरात एक वाक्य सारखं येतं: 'स्वतःच्या हातानं केलंय.' खोटं नाही. पण ते म्हटलं की आम्ही सगळे मोकळे होतो, हे मला खटकतं. मी नऊ वर्षांचा असताना बंडल मीच आणून द्यायचो, उरलेले सुटे पैसे माझे. अठराखालच्या मुलाला तंबाखू विकायला बंदी घालणारा २००३चा कायदा तेव्हा होता. टपरीवाल्याला नसेल माहीत, मला तर नव्हताच. म्हणजे त्या हातांत माझाही हात आहे.

मग आता बंडल आणायला नकार द्यायचा? दिला. आजोबा म्हणाले, "पाय माजा हाय, बाला." मी म्हणणार होतो की ही तलफ बोलतेय, तुम्ही नाही. पण हिंजवडीत ऑफिसबाहेर चहासोबत मीही रोज एक ओढतो, त्याला ब्रेक म्हणतो. ती माझी इच्छा की निकोटिनची, हे कुणी विचारत नाही. पगार मिळवणाऱ्याची सवय ही आवड, म्हाताऱ्याची ती खोड. त्यांना तेवढा मोठेपणा नाकारायचा अधिकार मला कुठून आला? आणि नाकारला नाही, तर उद्या बोट काळं पडल्यावर 'त्यांचा निर्णय' म्हणून मी झोपू शकेन का?

दोन्हीकडून विचार करून झाला. उत्तर एका बाजूला पडत नाही.

गेल्या रविवारी ते स्वतःच टपरीकडे निघाले. मी अडवलं नाही, बरोबर गेलो. खिशातलं माझं पाकीट घरीच ठेवलं होतं. ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा मीही थांबलो, आणि आम्ही दोघं बोंबील बघत राहिलो.