जीर्ण नळवाहिनी आणि ‘तेच घर’

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, ज्याला सगळे जीआय पाईप म्हणतात, तो आतून म्हातारा होतो. भिंतीत पुरलेला, वर प्लास्टर, त्यावर टाइल. त्यामुळे घरातल्या कुणाला त्याचे वय दिसत नाही. आधी जस्त झिजते, मग लोखंड गंजू लागते, आणि गंज व क्षार यांचा थर आतल्या बाजूने चढत जाऊन अर्ध्या इंची पाईपात पेन्सिलीएवढी वाट उरते. सकाळी पहिला नळ सोडला की थोडा वेळ तांबूस पाणी येते. गीझर भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. भिंतीला ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात, आणि एक दिवस खालच्या मजल्यावरचे शेजारी आपल्या छतावरचा पिवळट डाग दाखवायला बोलावतात.

प्लंबर दोन उपाय सांगतो. गळका तुकडा कापून तेवढाच नवा बसवायचा, नाहीतर भिंतीत नवे चर पाडून सगळी लाईनच सीपीव्हीसी या प्लास्टिकची करायची. पहिल्याला दुरुस्ती म्हणतात, दुसऱ्याला बदल. पण दहा वर्षांत दहा वेळा तुकडे बदलून जुन्याचा एकही इंच उरला नाही, तर ती दुरुस्ती झाली की बदल? आणि लाईन बदललेले घर तेच घर राहिले का? प्रश्न रिकामटेकड्याचा वाटतो. पण गळतीचा खर्च कोणी भरायचा आणि घरात पुन्हा काही धार्मिक विधी करायचा का, हे दोन्ही वाद शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबतात. भारतीय दर्शनांनी त्याची उत्तरे शोधताना घट, पट, रथ, दिवा अशीच रोजच्या वापरातली साधने हाताशी घेतली होती.

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, भागांहून वेगळी आणि खरी असते. घरमालकाला हे ऐकायला बरे वाटेल. पण याच मताचा पुढचा भाग कडक आहे. वस्त्रातला एक धागा काढला की ते वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे वस्त्र, ‘खंडपट’, जन्माला येते. ‘हे तेच वस्त्र’ असे आपण म्हणतो ते जातीच्या आणि रूपाच्या सारखेपणावरून. हा हिशेब न्हाणीघरात लावला तर एक एल्बो बदलताच जुनी लाईन संपली आणि नवी सुरू झाली. वैशेषिक तर भट्टीत भाजल्या जाणाऱ्या मडक्याबद्दलही असेच म्हणतात: कच्चे मडके परमाणूंपर्यंत विखुरते आणि भाजक्या परमाणूंचे दुसरे मडके तयार होते, इतक्या झपाट्याने की कुणाला कळत नाही. नैयायिकांना हे पटले नाही. मडके आहे तसेच भाजते, असे त्यांनी सांगितले. या वादात सामान्य माणूस नैयायिकांच्या बाजूला उभा राहील, यात शंका नाही.

बौद्धांनी मुळावरच घाव घातला. ‘मिलिंदपञ्हा’ या पाली ग्रंथात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथात बसून आलेला असतो. दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, असे नागसेन एकेक करून विचारतो. प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागल्यावर उरते ते इतकेच, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे व्यवहारातले नाव वापरले जाते. पुढे तो रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे. पण दोन वेगळे दिवेही नव्हेत, कारण एकीतून दुसरी निघत गेली. कापलेले केस पुन्हा वाढले तरी माणूस ‘तेच केस’ म्हणतो, हेही उदाहरण या वादात नेहमी येते. ‘तोच’ ही ओळख फसवी असू शकते, हे दाखवायला ते पुरेसे आहे.

शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धांचे खंडन करतात तेव्हा या मुद्द्यावर एक सवलत देतात, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. बाहेरच्या वस्तूंबाबत ‘ही तीच की तिच्यासारखी दुसरी’ असा संशय कधी येऊ शकतो, असे ते मान्य करतात. जाणणाऱ्याबाबत मात्र तसा संशय कधीच येत नाही. काल पाहिले तोच मी आज पाहतो आहे, इथे त्यांना ठाम राहायचे आहे. पाईपांचे तेचपण त्यांनी सैल सोडले तरी त्यांचे काही बिघडत नाही. जैनांनी दोन्ही टोके एकत्र धरली: प्रत्येक सद्वस्तूत उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य एकाच वेळी असतात. समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट केला जातो. ज्याला घट हवा होता तो कष्टी होतो, मुकुट हवा असलेला खूश होतो, आणि ज्याला नुसते सोने हवे होते त्याला काहीच फरक पडत नाही. घरातही असेच असते. ज्याने जुनी टाइल हौसेने निवडली होती तो चर पडताना हळहळतो. ज्याला फक्त जोरात पाणी हवे असते त्याला कशाचेच काही वाटत नाही.

ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाचा म्हणून प्रसिद्ध आहे. अथेन्सकर जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले आणि तत्त्वज्ञ भांडत राहिले, असे प्लुटार्क सांगतो. टॉमस हॉब्जने १६५५ साली त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचेच दुसरे जहाज जोडले, तर खरे कोणते? पाईपांच्या बाबतीत या प्रश्नाचा निकाल भंगारवाला लावतो. तो जुने तुकडे किलोच्या भावाने घेऊन जातो, आणि ते पुन्हा जोडायची इच्छा हॉब्जलाही झाली नसती.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि प्लंबर ती मान्य करणार नाही. एक फळी बदलल्याने शेजारच्या फळीला काही होत नाही, असे हे गृहीत आहे. नळवाहिनीत तसे घडत नाही. गंजलेल्या आट्यांचा सांधा उघडायला पाईपपाना लावला की त्याचा पीळ पुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो, आणि आजवर न गळलेला सॉकेट दुसऱ्या दिवशी झिरपू लागतो. नवा तुकडा बसला, पाणी पुन्हा सुरू झाले, की सुटलेली गंजाची खपली वाहत जाऊन नळाच्या जाळीत किंवा गीझरच्या तोंडाशी अडकते. बुजलेल्या वाटेने आजवर दबून राहिलेला दाब आता पुढच्या कमजोर जागेवर येतो. धातू बदलले तर आणखी पंचाईत. जुन्या जीआय लाईनच्या आधी तांब्याचा नवा तुकडा घातला, तर पाण्याबरोबर वाहणारे तांब्याचे सूक्ष्म अंश पुढच्या लोखंडावर बसतात आणि त्याचे गंजणे वाढते. म्हणजे नव्याच्या संगतीने जुने अधिक लवकर मरते. हळूहळू बदलले तर वस्तू तीच राहते आणि एकदम बदलली तर वेगळी होते, असे बऱ्याच तत्त्वचिंतकांना वाटत आले. इथे हळूहळू बदलणे हेच जास्त नुकसानीचे ठरते. शिवाय तुकड्यांच्या दुरुस्तीत लाईन जुनी झाली असे कुणाला कधी कबूलच करावे लागत नाही. प्रत्येक वेळी फक्त एक सांधा खराब असतो.

तर्कशास्त्रज्ञांनी जिथे हात टेकले तिथे कर्मकांडाची परंपरा एक पाऊल पुढे गेलेली दिसते, कारण तिच्याकडे जीर्णोद्धाराचा विधी आहे. मूर्ती भंगली किंवा झिजली तर तिच्यावर गुपचूप ठिगळ लावत बसायचे नाही. ती जीर्ण झाली हे आधी जाहीर मानायचे. आगमांच्या पद्धतीत मूर्तीतले देवत्व पाण्याने भरलेल्या कलशात उतरवून घेतात, मधल्या काळात पूजा त्या कलशाची होते, आणि नवी मूर्ती तयार झाल्यावर ते तिच्यात स्थापतात. जुनी मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीत आणि दगडाची असेल तर पाण्यात सोडावी, नवी त्याच द्रव्याची आणि त्याच मापाची करावी, असे अग्निपुराण सांगते. आणि त्याच ओघात विहिरी, बारव, तळी यांच्या जीर्णोद्धाराचे मोठे फळही सांगते. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर हा याचाच भव्य नमुना. शेवटचा २०१५ साली झाला. कडुनिंबाच्या नव्या मूर्ती आल्या, आतला ब्रह्मपदार्थ जुन्यातून नव्यात गेला, आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच पुरल्या गेल्या. जपानमधले इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ साली त्याची बासष्टावी खेप झाली. लाकूड नवे, तरी देवस्थान पुरातन. जुना दगड म्हणजेच अस्सलपणा, ही युरोपीय कल्पना अपुरी आहे हे १९९४ साली नारा येथे तयार झालेल्या दस्तऐवजाने मान्य केले, त्यामागे जपानी बांधकामाचा हा अनुभव होता.

लाईन बदलण्याच्या कामाचे टप्पेही जीर्णोद्धाराच्याच क्रमाने येतात. वरच्या टाकीचा कॉक बंद होतो, पाणी पिंपांत किंवा बाहेरून ओढलेल्या तात्पुरत्या लाईनवर जाते, जुनी लाईन बाद ठरते, नवी बसते, आणि दाब देऊन तपासल्याखेरीज चर बुजवत नाहीत. घाईत ही तपासणी गाळली तर टाइल दुसऱ्यांदा फोडावी लागते. एका बाबतीत मात्र नळ मूर्तीच्या नियमात बसत नाही. त्याच द्रव्याचा आग्रह इथे धरायचे कारण नाही. जिथे काम हेच स्वरूप आहे तिथे लोखंडाच्या जागी प्लास्टिक आले तरी स्वरूप मोडत नाही. तेचपण टिकते ते टाकीपासून नळापर्यंतच्या वाटेत.

या कामाला धर्माचे मोल किती? विष्णुस्मृतीने विहीर, बाग, तळे आणि देवालय यांची डागडुजी करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ सांगितले आहे. ही मोठी उदार तरतूद म्हणावी लागेल, कारण दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाचा शिलालेख सहसा कुणी कोरत नाही. पण ही सारी ‘पूर्त’ कर्मे आहेत, लोकांच्या उपयोगाची. स्वतःच्या न्हाणीघरातला शॉवर बदलून पुण्य पदरी पडण्याची शक्यता दिसत नाही. सोसायटीच्या सामाईक लाईनसाठी वर्गणी काढणाऱ्या, तीन सभांत शिव्या खाणाऱ्या सेक्रेटरीचा दावा बराच मजबूत आहे.

जबाबदारीचा प्रश्न त्यातूनच येतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या नळवाहिन्या, पंप आणि टाक्या यांची देखभाल संस्थेकडे असते, आणि सदनिकेच्या आतल्या नळांच्या गळतीचा खर्च सभासदाकडे. सदनिका नुकतीच विकत घेतलेला सभासद म्हणतो, हे पाईप मी बसवलेच नाहीत. नागसेनाने असे युक्तिवाद ऐकून ठेवले होते. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावलेली कोय वेगळी आणि मी नेलेले आंबे वेगळे. दुसरा एक जण दिवा घेऊन वरच्या मजल्यावर जेवायला जातो. दिव्याने गवताचे छप्पर पेटते, घर पेटते, मग गाव. तो म्हणतो, मी ज्या उजेडात जेवलो तो अग्नी निराळा आणि गाव जाळणारा निराळा. दोन्ही ठिकाणी निकाल एकच लागतो: एकातून दुसरे निघाले, म्हणून दोष सुटत नाही. नित्य असे काहीच न मानणाऱ्या बौद्धांनीही उत्तरदायित्व जराही सैल केले नाही, हे त्यांच्या क्षणभंगवादाला घाबरणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. वरच्या मजल्यावरच्या घराबरोबर त्याची ओलही विकत घेतली जाते.

राहिला विधीचा प्रश्न. काशीच्या राम दैवज्ञाने १६०० साली लिहिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त नव्या वास्तूतला प्रवेश आणि आग वगैरे आपत्तीनंतर दुरुस्त केलेल्या जीर्ण घरातला प्रवेश यांचे नियम वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी कार्तिक, मार्गशीर्ष आणि श्रावण हे महिनेही चालतात, आणि गुरू-शुक्राच्या अस्तासारखा विचार करणे आवश्यक धरलेले नाही. म्हणजे शास्त्राने दुरुस्त घराला नवे मानले नाही आणि पूर्वीसारखेच अबाधितही मानले नाही. त्याची स्वतंत्र कोटी केली. ही सवलत घर सोडावे लागलेल्यांची आहे. लाईन बदलताना कुटुंब त्याच घरात राहिले, तर प्रवेश असा होतच नाही आणि मुहूर्ताचा प्रश्नही उरत नाही. महाराष्ट्रात अशा वेळी कुणाला काही करायचेच असेल तर उदकशांत करतात: कलशातले पाणी अभिमंत्रित करून घरभर शिंपडतात. वास्तुशांत पुन्हा करायची की नाही यावर पुरोहितांची मते वेगवेगळी पडतात, आणि बहुतेक घरांत तो निर्णय ज्येष्ठांच्या इच्छेवर व उरलेल्या पैशांवर सोडलेला असतो.