वाटेवरची भेट

आजाऱ्याच्या समाचारास जाणारा मनुष्य उंबरठ्यावर पाऊल ठेविताच बहुधा एक वाक्य बोलतो : "बाजाराला आलो होतो, म्हटले जाता जाता डोकावून जावे." हे वाक्य आपल्या खेड्यापाड्यांत इतके रूढ आहे की ते उच्चारणाऱ्यास त्याचा अर्थ विचारला तर तो गोंधळून जाईल. त्यात नम्रता आहे. माझ्यासाठी चुलीवर काही चढवू नका, माझा भार मानू नका, असा तिचा भाव असतो. परंतु न बोललेला असा दुसराही एक अर्थ त्यात राहतो, तो असा की, तुझ्यासाठी म्हणून मी मुद्दाम आलो नाही. अंथरुणावरचा मनुष्य हे दोन्ही अर्थ ऐकतो. तर मग दहा कामांमध्ये बसविलेली भेट ही खरी भेट होय, किंवा ते केवळ अकरावे काम होय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. प्रीती असेल तर मनुष्याने मुद्दाम जावे, रिकाम्या दिवशी जावे, असे कित्येक विचारी लोक म्हणतात. आम्हांस हे म्हणणे अर्धेच पटते.

प्रथम बाजाराचा दिवस कसा असतो हे पाहू. सकाळची एसटी धरून तालुक्याच्या गावी उतरावे, तो सेतू केंद्रावर सातबाराच्या उताऱ्यासाठी रांग लागलेली असते. रांग पुढे सरकते, आणि यंत्र बंद पडते. तेथून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरावयास बँकेत, बँकेतून जळालेल्या मोटरीचे वायंडिंग झाले की नाही हे पाहावयास दुकानी. "संध्याकाळी या," असे तेथे सांगतात. ते सकाळीच सांगितले असते तर पायपीट वाचली असती, पण दुकानदारांची ही रीत फार जुनी आहे. मग शिधापत्रिकेचे काम, कारण म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. मग बियाणे, मीठमिरची, मुलीची वही. पाचाची गाडी चुकली तर पुढची गाडी अंधार पडल्यावर. अशा दिवसात आजारी मित्राचे घर कोठे बसते? ते नेहमी शेवटी बसते. हातात जड पिशव्या, डोळा घड्याळावर, आणि तोंडात, "आता निघतो, गाडीची वेळ झाली."

दोष कामे असण्यात नाही, या क्रमात आहे. हे स्पष्ट होण्यासाठी दुखणे आणि दुखण्यातून उठणे यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. मनुष्य आसन्नमरण झाला म्हणजे सर्व गाव लोटतो. त्या वेळी कोणी बाजार आठवीत नाही. पेरणी टाकूनही लोक धावतात, आणि हे आपल्या लोकांचे भूषण आहे. परंतु ताप उतरला, तोंडाला चव आली, मनुष्य भिंतीला टेकून बसू लागला, की सर्वजण एकमुखाने म्हणतात, "देवाच्या कृपेने बरा झाला," आणि येणे थांबते. वास्तविक तो बरा झालेला नसतो. तो मरणाच्या दारातून परत फिरला आहे खरा, पण कामकऱ्यांच्या रांगेत अद्याप पोचलेला नाही. या मधल्या मुलखात तो एकटा चालत असतो.

क्षयरोगाचेच उदाहरण घ्या, कारण आपल्या गावांतून तो अजून गेलेला नाही. साध्या औषधांस दाद देणाऱ्या क्षयावर आज सहा महिने उपचार चालतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. काही आठवड्यांतच बहुतेकांचा ताप व खोकला उतरतो, वजन भरू लागते. येथेच खरा धोका आहे. रोगी म्हणतो, मी बरा आहे. शेजारी म्हणतात, तू बरा दिसतोस. आणि तिसऱ्या महिन्यात गोळ्या फळीवर पडून राहतात. उरलेले जंतू मग पुन्हा वाढतात, आणि कधी कधी असे वाढतात की तीच औषधे त्यांवर चालेनाशी होतात. ज्या महिन्यांत त्याच्याकडे कोणी येत नाही, त्याच महिन्यांत त्याचे जीवित तराजूत असते.

पूर्वी अशा रोग्यांस घरापासून दूर आरोग्यभवनांत ठेवीत. पुढे १९५६ साली मद्रासेस एक केंद्र उघडून मोठी परीक्षा करण्यात आली. काही रोग्यांस आरोग्यभवनात विश्रांती, चांगले अन्न व औषध दिले; इतरांस तेच औषध देऊन शहरातल्या त्यांच्या दाटीच्या, गरिबीच्या घरांत राहू दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच सुधारले, आणि त्यांच्या घरच्यांस त्यामुळे अधिक बाधा झाली नाही. या शोधामुळे असंख्य गरिबांस घर सोडावे लागले नाही. पण त्याची एक दुसरी बाजू आहे, ती फारशी कोणी बोलत नाही. आरोग्यभवनात परिचारिका होती, शेजारच्या खाटेवर तसाच दुसरा दुखणेकरी होता, दिवसाला एक शिस्त होती. रोगी घरी राहिला, तेव्हा त्या सर्वांची जागा कोणी तरी भरावयाची राहिली. ती शेजाऱ्याच्या माथी आली, आणि शेजारी तर बाजाराला गेलेला!

आता मुद्दाम जाण्याविषयी. जो रिकाम्या दिवशी, धुतलेले कपडे घालून, केवळ समाचारासाठी म्हणून येतो, तो दोन तास बसतो. आपल्या मेव्हण्यास हाच रोग कसा झाला व तो कसा गेला हे सांगतो. घरची बाई चहा ठेविते. दूध नसेल तर शेजारून आणते. त्या बाईचा विचार आपण किती करितो? नवरा पडल्यापासून ती दोघांची कामे करीत आहे. गोठा तिचा, रानही तिचे, दवाखान्याची खेपही तिचीच. आलेल्या पाहुण्याने तिचे अर्धे काम वाढविले आणि प्रीतीचा पुरावा देऊन तो निघून गेला. अशा भेटीपेक्षा कामांच्या गर्दीतला मनुष्य आम्हांस बरा वाटतो, कारण त्याचे पाय बाजाराच्या दिशेने वळलेले असतात. "तुमचे काय आणावयाचे आहे?" असे तोच विचारू शकतो. क्षयाच्या रोग्यास पोषणासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ही रक्कम खात्यात पडली की नाही हे पाहण्यास कोणी तरी पासबुक घेऊन बँकेत उभे राहिले पाहिजे. जो आपल्या हप्त्यासाठी त्याच रांगेत उभा आहे, त्याच्या खिशात दुसरे पासबुक जड होत नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तो आपल्या कामास चालला होता हे आपण विसरतो. त्याने प्रवास सोडून दिला नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, ती रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी पैसे मोजून तो पुढे निघाला. मात्र परत येईन व अधिक खर्च झाला असल्यास देईन, असे सांगून निघाला. त्याची दया वाटेवरचीच होती. ती खरी ठरते ती परतीच्या वचनामुळे. ती रात्र जखमी मनुष्याची होती. त्यापुढील सर्व दिवस बरे होण्याचे होते, आणि त्या दिवसांचीही तजवीज त्याने केली.

दुसरे एक उदाहरण एपफ्रदीताचे. तो मरणाच्या टोकास जाऊन परत आला, आणि पौलाने त्यास फिलिप्पै येथील मंडळीकडे पाठविले. ते पत्रही त्याच्याच हाती पाठविले असावे, असे बहुतेक भाष्यकार मानितात. नुकत्याच उठलेल्या मनुष्यावर एवढे मोठे काम टाकणे निष्ठुरपणाचे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुखण्यातून उठलेल्यास सर्वांत अधिक बोचते ती गोष्ट ही की कोणाला आपले काही अडत नाही. सर्वजण त्यास देतात, कोणी त्याजकडे मागत नाही. नारळपाणी येते, बिस्किटांचे पुडे येतात. पण ज्याचा सल्ला घेतल्यावाचून गावात बैल विकत नसत, त्यास आता बैलाची गोष्टही कोणी सांगत नाही, त्रास होईल म्हणून.

यावर कोणी म्हणेल, हे तर आजाऱ्याकडून काम काढून घेणे झाले. हा आक्षेप हलका नाही. अशक्तास ओझे उचलावयास लावणारा मित्र नव्हे, आणि कागदपत्रांच्या कटकटी घेऊन त्याच्या उशाशी बसणारा तर मुळीच नव्हे. परंतु कामाचे ओझे व कामातील वाटा यांत अंतर आहे. कोणते बियाणे घेऊ, असे विचारण्याने त्याच्या अंगातील शक्ती जात नाही. उलट, पुढच्या हंगामात तो आपल्यामध्ये असणार हे त्यास न सांगता कळते. "धीर धर, बरा होशील," या शब्दांनी ते तितके कळत नाही.

म्हणून क्रम बदलावा. उपचार सुरू होऊन डॉक्टरांनी भेटीस हरकत नाही असे सांगितले असले, म्हणजे सकाळी गाडीतून उतरताच प्रथम त्याचे घर गाठावे. आत कोंदट खोलीत न बसता ओसरीवर, मोकळ्या हवेत बसावे. आजची गोळी घेतली काय, हे जसे जेवण झाले काय असे विचारतो तसे विचारावे. घरच्या बाईजवळून तिची यादी व पासबुक घ्यावे आणि चहास नको म्हणावे. ती फार आग्रह करील, तरी नको म्हणावे. नंतर घरून आणलेली रिकामी पोती, दुपारची भाकरी व छत्री त्याच्या ओसरीवर ठेवून, "एवढे सांभाळ," असे सांगून निघावे. सामान त्याजकडे राहिले म्हणजे दुपारी भाकरीसाठी एकदा, व गाडीच्या आधी पोत्यांसाठी एकदा, असे दोनदा परत जाणे आलेच. तिसऱ्या खेपेस तो बहुधा दारातच उभा असेल. आणलेले बियाणे हातावर घेऊन पाहील, भाव विचारील, आणि पलीकडच्या दुकानात वीस रुपये कमी पडले असते, असे म्हणून रागे भरेल.