परिग्रहाचे मूळ

मनुष्य वस्तूंचा संग्रह का करतो आणि ही ओढ कधी ओसरेल काय, या प्रश्नाला ‘लोभ’ हे एका शब्दाचे उत्तर ठरलेले असते. परंतु लोभ हा परिणाम होय. तो कशातून उपजतो, हे पाहिल्याशिवाय विचार पुढे सरकत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तळेरे हा मुंबई–गोवा महामार्गावरील नाका. येथून एक रस्ता विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जातो. नवी वस्तू खेड्यांत शिरण्यापूर्वी अशाच नाक्यावर दिसू लागते. मात्र या मुलखातील संग्रहाची कथा बाजारपेठेत सुरू होत नाही. ती मुंबईच्या गिरण्यांत सुरू होते. चाकरमानी गिरणगावातील एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि गावी मनिऑर्डर धाडीत. त्या पैशातून आधी पोटे भरत. उरलेल्यातून गवती छपराच्या जागी चिऱ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौले येत. ज्याने हे घर बांधले, तो मात्र त्यात गणपतीचे आणि शिमग्याचे चार दिवस राही.

संग्रहाचे कारण केवळ उपभोग असता, तर असे घर कोणी बांधलेच नसते. त्यामागे एक तर मान होता : भावकीत ताठ उभे राहता यावे. दुसरे भय होते : काम सुटले तर जावे कोठे? हे भय पोकळ नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतील पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. गावी परतलेल्याला त्या कौलांनीच आसरा दिला. अशा माणसाच्या घराला सरसकट मोह म्हणणे हा भरल्या पोटीचा उपदेश होय.

खरी अडचण पुढे येते. भय निवाले, मान मिळाला, तरी हात आखडत नाही. कौले उतरून स्लॅब पडतो, मग शेजारच्याहून उंच मजला हवा होतो. महामार्गाच्या रुंदीकरणात मोबदल्याचा प्रश्न आला, तेव्हा सातबाऱ्यावर नावांची रांग असलेल्या पड जमिनी एकाएकी प्रिय झाल्या. ज्या तुकड्यात कोणी नांगर घातला नव्हता, त्याच्या आकड्यावरून भावाभावांचे बोलणे तुटते. तो आकडा आसरा देत नाही आणि मानही देत नाही.

लीळाचरित्रात हरिपाळदेवांची कथा आहे. द्यूतात हरल्यावर त्यांनी कमळाइसेकडे अलंकार मागितले. तिने दिले नाहीत. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून श्रीप्रभूंनी गुजरातेतील प्रधानाचे घर सोडले. कथा सांगताना बहुधा दोष कमळाइसेकडे दिला जातो. ते न्याय्य वाटत नाही. जुगारात हरणाऱ्या पतीच्या घरी तो अलंकार हाच तिचा उद्याचा आधार नव्हता काय? तिच्या नकारात भय आहे. भय आणि लोभ यांची सीमा किती पुसट असते, हे त्या एका प्रसंगात दिसते.

तेव्हा वस्तूंचे हे वेड टिकेल काय? शास्त्रात प्रपंच कार्यरूपाने अनित्य, कारणरूपाने नित्य मानला आहे. पत्र्याची ट्रंक, ट्रान्झिस्टर, रंगीत दूरचित्रवाणी संच, यांतील प्रत्येक वस्तू एकेकाळी घराचे भूषण होती; आज तिला मांगरातही जागा नाही. वस्तू गेली, ओढ दुसऱ्या वस्तूवर बसली. जीवाची अविद्या अनादि असल्याने ही ओढ काळाच्या ओघात आपोआप गळून पडेल, अशी आशा व्यर्थ आहे. भयाचा वाटा मात्र कमी होऊ शकतो. ज्या वाडीत आजाऱ्याला शेजारी पेज आणून देतो, तेथे कणगी थोडी रिकामी असली तरी चालते.

अपरिग्रही साधकालाही हा विचार टाळता येत नाही. तो उद्याचे अन्न आज बांधून ठेवीत नाही, हे खरे. परंतु त्याची भिक्षा ज्या दारातून येते, त्या दारामागे कोणी तरी धान्य साठवलेले असते. गृहस्थाचा तो संग्रह आणि मोबदल्यासाठी भांडणाऱ्याचा संग्रह एका मापाने मोजता येणार नाहीत. कोकणात आज अनेक घरे वर्षभर कुलूपबंद असतात. त्यांच्या भिंती पक्क्या आहेत, पण तेथे भिक्षेसाठी उभे राहिले तर दार उघडणारे कोणी नाही.