पांच भाकरींची उपकारस्तुति



जेवावयास बसतांना आपण डोळे मिटून देवाचे उपकार मानितों. ही चाल फार चांगली आहे. परंतु डोळे उघडल्यावर आपली दृष्टि प्रथम कोठें जाते, स्वतःच्या ताटाकडे कीं शेजाऱ्याच्या ताटाकडे, हा प्रश्न आज आम्ही स्वतःस व तुम्हांस विचारूं इच्छितों.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत पांच हजार पुरुषांच्या भोजनाची हकीकत आहे. मोठा समुदाय जमला होता, आणि खावयास कांहीं नव्हतें. फिलिप्पानें हिशेब केला कीं, दोनशें दिनारांच्या भाकरी आणिल्या तरी इतक्या लोकांस पुरणार नाहींत. दिनार म्हणजे त्या काळीं मजुराची एका दिवसाची मजुरी. फिलिप्पाचा हिशेब चुकला नव्हता. पण जें नाहीं त्याचाच तो हिशेब होता. अंद्रियानें जें होतें तें पाहिलें. एका मुलाजवळ जवाच्या पांच भाकरी व दोन मासळ्या होत्या. पण लागलीच त्यालाहि तें क्षुल्लक वाटलें.

जव हें त्या देशांत गरिबांचें धान्य. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांत महागाईचें वर्णन आहे; तेथें एका दिनारास गहूं एक माप, तर जव तीन मापें, असा भाव सांगितला आहे. आपल्याकडे जशी ज्वारीबाजरीची भाकर, तशीच ती मुलाची शिदोरी होती. प्रभूनें तीच हातीं घेतली आणि उपकार मानिले. केव्हां मानिले, हें नीट पाहा. बारा टोपल्या भरल्यावर नव्हे. भाकरी पांचच होत्या तेव्हां. आणि सर्व तृप्त झाल्यावर त्यानें शिष्यांकडून उरलेले तुकडेहि गोळा करविले. ज्याच्या हातून एवढा चमत्कार झाला, त्यानें एक तुकडा टाकूं दिला नाहीं. उपकारस्तुति व साधेपणा ह्या सख्ख्या बहिणी आहेत. जो मिळालेल्यास देणगी समजतो, तो तें उधळीत नाहीं, आणि तें लहान आहे म्हणून लाजतहि नाहीं.

ह्या लाजेचें मोल आपणांस लग्नाच्या वेळीं द्यावें लागतें. मुलीचें लग्न ठरतें. घरांत बेताचें धान्य असतें, पाळकांचा आशीर्वाद असतो, भाऊबंद मदतीस असतात. इतकें असून शेजारच्या मांडवांतील थाट आठवतो, आणि वडिलार्जित जमिनीचा तुकडा गहाण पडतो. मांडव एका दिवसांत उतरतो. व्याज वर्षानुवर्षें चढतें. ज्या ताटावर आईबाप उपकार मानीत होते, त्याच ताटावर आतां कर्जाची काळजी येऊन बसते.

तथापि न्यायासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळिले. त्या दंग्याच्या चौकशीसाठीं सरकारनें नेमिलेल्या मंडळानें असा अभिप्राय दिला कीं, शेतकऱ्याच्या कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें. अपुरा पाऊस, सरकारसारा व जबर व्याज हीं ओझीं त्याच्या उधळेपणानें आलीं नव्हतीं. म्हणून साधेपणाचा उपदेश गरिबाच्या माथीं दोष मारण्यासाठीं नाहीं. भुकेल्या समुदायास प्रभूनें संतोषावर व्याख्यान दिलें नाहीं. त्यानें भाकर दिली. ज्याच्या घरीं दाणा नाहीं, त्यास उपकार मानावयास सांगण्यापूर्वीं आपली पायली त्याच्या दारीं नेली पाहिजे.

तर मग आरंभ कोणीं करावा? ज्याची ऐपत आहे त्यानें. त्याच्या घरचें लग्न साधेपणानें झालें, म्हणजे ज्याची ऐपत नाहीं त्यास साध्या लग्नाचा कमीपणा वाटणार नाहीं. पंचांनीं व वडील मंडळींनीं हें मनावर घ्यावें. आणि आपण सर्वांनीं आज रात्रीं ताटावर बसतांना, जें नाहीं त्याचा हिशेब क्षणभर बाजूस ठेवून, जें आहे त्यांतील एका तरी गोष्टीचें नांव घेऊन देवाचे आभार मानावे.

पांच भाकरी हातीं घेऊन ज्यानें उपकार मानिले, तो प्रभु आपल्या ताटावर व आपल्या मनांवर आशीर्वाद देवो. आमेन.