एका गुणाचं उत्तर

जुन्या रॉक-पॉपचे चाहते एकत्र आले की एकमेकांना कोडी घालतात. 'लव्ह मी डू'च्या अल्बममधल्या ध्वनिमुद्रणात ड्रम कुणी वाजवले? रिंगोने नाही, सेशनपुरत्या बोलावलेल्या अँडी व्हाइटने. रिंगोच्या हाती खंजिरी होती. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मधली ती रडणारी गिटार कुणाची? एरिक क्लॅप्टनची, आणि १९६८च्या त्या तबकडीवर त्याचं नाव नाही. मीही या खेळातला जुना गडी.

हे ज्ञान फुटकळ आहे, गाणं ऐकावं आणि गप्प बसावं, असं म्हणणारे रसिक भेटतात. मला ते पटत नाही. जानेवारी १९७३मध्ये क्लेअर टोरी ही गायिका ॲबी रोड स्टुडिओत आली, पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर शब्दांवाचून गायली आणि तीस पौंड घेऊन घरी गेली. गायिका म्हणून तिचं नाव छापलं गेलं. संगीतकार म्हणून मात्र एकट्या रिचर्ड राइटचं. २००४मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि तेव्हापासून सहसंगीतकार म्हणून तिचंही नाव लागतं. म्हणजे 'हे गाणं कुणी रचलं?' या प्रश्नाचं तीस वर्षं बरोबर धरलेलं उत्तर अपुरं होतं. सॉलोमन लिंडाच्या वाट्याला एवढंही आलं नाही. त्याने १९३९मध्ये जोहान्सबर्गला 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केलं, हक्क दहा शिलिंगांना गेले, आणि त्यातूनच पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' जगभर वाजलं. तो १९६२मध्ये वारला. वारसांशी तडजोड झाली ती २००६मध्ये. अशा नावांचा हट्ट धरणाऱ्या चाहत्याला मी किरकोळ माणूस म्हणणार नाही. तो कुणाची तरी थकलेली मजुरी तोंडाने का होईना, चुकती करत असतो.

(प्रत्येक उत्तर असं नसतं. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हा आपल्याकडचा ठेवणीतला प्रश्न. त्यात ऋण वगैरे काही नाही. आपण नुसता हक्क सांगतो.)

अडतं ते आणखी एका प्रश्नापाशी. ६ डिसेंबर १९६९, कॅलिफोर्नियातलं आल्टमाँट, रोलिंग स्टोन्सची फुकट मैफल. मंचासमोर खून झाला तेव्हा कोणतं गाणं चालू होतं? बहुतेक जण 'सिंपथी फॉर द डेव्हिल' म्हणतात आणि फसतात. बरोबर उत्तर 'अंडर माय थम'. विचारणारा खूश होतो.

या खुशीचा मला त्रास होतो, पण ती पूर्ण वाया गेलेली नाही हेही मान्य केलं पाहिजे. सैतानाचं गाणं चालू असताना माणूस मेला असं म्हटलं की त्या मृत्यूची दंतकथा होते. जणू गाण्यानेच बळी मागितला. राखणीला मोटारसायकलस्वारांची टोळी ठेवणाऱ्यांना कुणी काही विचारायला नको. खरं गाणं सांगणारा ही पळवाट बंद करतो.

तरीही मेलेला माणूस त्या प्रश्नात फक्त वेळ दाखवण्यापुरता उरतो. मेरेडिथ हंटर, कृष्णवर्णीय, वय १८. त्याने रिव्हॉल्व्हर काढलं होतं, हे चित्रफितीत दिसतं. त्याला भोसकणारा स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला.

मग प्रश्नच बदलावा का? गाण्याऐवजी त्याचं नाव विचारावं? मला तेही अवघड वाटतं. टोरीचं नाव घेतलं की तिने केलेल्या कामाची नोंद होते. हंटरने तिथे काही घडवलं नव्हतं. तो गाणी ऐकायला आला होता, तुमच्या-माझ्यासारखाच. त्याचं नाव एका गुणाचं उत्तर झालं तर त्याच्या पदरात काय पडतं? त्या गुणाने खेळणाऱ्याचाच आकडा वाढतो. पण नावच घ्यायचं नाही म्हटलं, तर आधीच कितीतरी वर्षं त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. त्या गप्पपणात आपलीही भर कशाला?

मी हा प्रश्न स्वतःहून घालत नाही. दुसऱ्या कुणी घातला तर गाण्याचं नाव सांगतो आणि पाठोपाठ त्या मुलाचंही. क्षणभर कुणी बोलत नाही. मग कुणीतरी पुढचा प्रश्न काढतो.