काट्यावरची बैठक

घरात सुईचा जुना वजनकाटा असेल तर त्यावर उभं राहून झटकन एक बैठक मारावी. खाली जाताना सुई वाढेल की घटेल, हे मात्र आधीच ठरवून ठेवावं. बहुतेकांना वाटतं, वाढेल. प्रत्यक्षात ती आधी घसरते आणि आपण तळाशी थांबू लागलो की उसळते.

बल मोजणाऱ्या पाटावर हीच बैठक मारून वर उडी घेतली, की संगणकावर बल-काळ आलेख उमटतो. 60 किलोच्या माणसाची रेघ 590 न्यूटनच्या आसपास सरळ चालते, गुडघे वाकताच खड्डा पडतो, मग डोंगर उभा राहतो आणि पाय सुटले की शून्य. आता विचारा, यात माणूस सर्वांत खाली कधी असतो? बोट हमखास खड्ड्याच्या तळाशी जातं. माणूस तेव्हा अजून खाली चाललेला असतो, तोही वाढत्या वेगाने. खड्ड्याने दिलेला वेग डोंगराचं तेवढंच क्षेत्रफळ खर्चून फेडावा लागतो. तो फिटतो तिथे शरीर क्षणभर थांबतं, आणि तिथे बल वजनापेक्षा बरंच जास्त असतं.

दुसरा चकवा माथ्याचा. माथा ओलांडला की बल उतरतं, वेग मात्र वाढतच राहतो. नळाची धार बारीक झाली म्हणून बादलीतलं पाणी थोडंच कमी होतं? वेग कमाल होतो तो रेघ पुन्हा वजनाच्या पातळीवर येते तेव्हा, पाय सुटण्याच्या किंचित आधी. तळापासून पाय सुटेपर्यंत, शेवटचा खालचा तुकडा वजा करून, वजनरेषेवर 150 न्यूटन-सेकंद क्षेत्रफळ भरलं तर 60 ने भागायचं: वेग सेकंदाला 2.5 मीटर, उडी साधारण 32 सेंटिमीटर. आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजून माणसाची उडी सांगता येते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

वर्गात मात्र ‘आवेग म्हणजे बल गुणिले काळ’ हे सूत्र आधी हातात पडतं आणि डोंगराचा आयत होऊन जातो. 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’तला दुसरा नियमसुद्धा गतीतला बदल बलाच्या प्रमाणात असतो, एवढंच म्हणतो, ‘दर सेकंदाला’ असं त्यात नाही. आजच्या भाषेत तो आवेगाच्याच जास्त जवळचा. ताठ पायांनी जमिनीवर उतरलं तर आलेखात सुळका येतो, गुडघे वाकवून उतरलं तर पसरट टेकडी. वजनरेषेच्या हिशेबाने दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच. उत्तरपत्रिकेत मात्र सुळक्यालाच जास्त आवेग मिळतो.